पहिलं रिव्हॉल्वर: बत्तीस बोअर की बावीस?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझं तालुक्याच्या गावी सोन्याचांदीचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी रात्री दुकान बंद करून घरी येताना वाटेत दोघांनी गाडी आडवी घालून बॅग ओढून नेली. आता शस्त्र परवाना मंजूर झाला आहे. घरात आजवर कुणी शस्त्र हाताळलेलं नाही. शस्त्रविक्रेता .३२ घ्या म्हणतो. मेहुणे म्हणतात .२२ घ्या, झटका कमी बसतो. एक मित्र म्हणतो जुनं विलायती .३८ मिळतंय का बघ, ताकदीचं असतं. माझं वय ५२, उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालेलं आहे. घरात चार वर्षांचा नातू आहे. कोणता बोअर घ्यावा?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: .३२ घ्या. पण पैसे भरण्याआधी पुढचं सगळं वाचा. पोलीस शस्त्रागारात मी एकतीस वर्षं आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करून सांभाळणारा, म्हणून काढली. तेवढ्या काळात चुकीचा बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं चुकीचं माप, घेतल्यामुळे पस्तावलेला माणूस क्वचित भेटला, शस्त्र घेऊन कपाटात ठेवून दिल्याने पस्तावलेले खूप भेटले.

मित्राचा सल्ला आधी बाजूला ठेवू. फौजेची किंवा पोलिसांची काडतुसं ज्यात बसतात ते बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहेत. .३८० आणि .४५५ ची रिव्हॉल्वरं, ९ मिमी पिस्तुलं त्यात येतात. तुमच्या परवान्यावर ती चढणार नाहीत. जुनं विलायती .३२ कायद्यात बसतं, पण बाहेरून शस्त्रं आणणं १९८० च्या दशकातच बंद झाल्यामुळे त्याची किंमत काही लाखांत जाते. अशी काही मी स्वतः उघडून साफ केली आहेत. पोलाद पाहत राहावं असं असतं. पण स्प्रिंग थकलेली असते, आणि घोड्याचा, म्हणजे काडतुसावर ठोका देणाऱ्या खटक्याचा, एखादा भाग झिजला तर दुसरा मिळत नाही. पहिलं शस्त्र असं नको.

आता बावीस. .२२ म्हणजे इंचाच्या शंभर भागांतले बावीस भाग, साधारण साडेपाच मिलिमीटर. गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, तर .३२ ची सहा ग्रॅमच्या वर. मेहुण्यांचं झटक्याबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. बावीसनं नेम शिकावा तसा कशानंच शिकता येत नाही. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं ते याच बोअरवर. पण बावीसच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत, रिममध्ये भरलेला असतो. तो कडेभर सारखा पसरला नसेल तर काडतूस न उडण्याची शक्यता .३२ पेक्षा जास्त. .३२ मध्ये मधोमध वेगळी टोपी असते आणि ठोका नेमका तिच्यावर बसतो. इशापूरच्या कारखान्याचं ‘निडर’ हे .२२ चं रिव्हॉल्वर पाव किलोच्या आसपास आहे. खिशात जाणवतसुद्धा नाही. तरी जीव वाचवायला म्हणून मी ते तुम्हाला देणार नाही. जवळपास रायफल क्लब असेल तर तिथे बावीसवर हात बसवा, घरी .३२ ठेवा.

.३२ ला कमी लेखणारे पुष्कळ भेटतील. हे काडतूस १८९६ पासून चालत आलेलं आहे, धीमं आहे आणि हाताशी फार सभ्य वागतं. २५ मीटर सेंटर फायर प्रकारात, म्हणजे मधोमध टोपी असलेल्या काडतुसांच्या स्पर्धेत, बहुतेक नेमबाज हेच वापरतात. त्या प्रकारात आपल्या जसपाल राणाने २००६ साली दोह्याच्या आशियाई स्पर्धेत ६०० पैकी ५९० गुण घेऊन विश्वविक्रमाची बरोबरी केली होती.

यात एक घोटाळा आहे, तो नीट समजून घ्या. आपल्याकडे ‘बत्तीस बोअर’ या एकाच नावाखाली दोन वेगळी काडतुसं विकली जातात, एक रिव्हॉल्वरचं, एक पिस्तुलाचं. रिव्हॉल्वरच्या काडतुसाची पुंगळी, म्हणजे गोळीमागची धातूची नळी, २३ मिलिमीटर लांब, बुडाला स्पष्ट बाहेर आलेली कड, गोळी उघड्या शिशाची. पिस्तुलाच्याची पुंगळी १७ मिलिमीटर, बुडाशी खाच, गोळीवर तांबूस आवरण. एका व्यापाऱ्याला दुकानातून पिस्तुलाची काडतुसं दिली गेली होती. रिव्हॉल्वरच्या सिलिंडरमधल्या, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या चक्रातल्या, घरांत ती सरकत आत गेली, म्हणून त्याला वाटलं, बरोबर आहेत. सुदैवाने उडवण्याआधी तो माझ्याकडे आला. दाब वेगळा, माप वेगळं, असली काडतुसं रिव्हॉल्वरमध्ये कधीच उडवायची नाहीत. पुडकं घेताना एक काडतूस तळहातावर उलटं ठेवा आणि बुडावरची अक्षरं वाचा. तिथे ‘के एफ’ असेल तर ते किरकी फॅक्टरीचं, म्हणजे आपल्या पुण्यातल्या खडकीचं. १८६९ पासून तिथे दारूगोळा बनतो आहे.

आता तुमचं मनगट. त्याला त्रास झटक्याचा होणार नाही, चापाचा होईल. घोडा हाताने मागे न ओढता नुसता चाप दाबून बार काढायचा तर बोटाला चार-पाच किलोंचा जोर लावावा लागतो. कानपूरच्या कारखान्याचं ‘निर्भीक’ हे .३२ चं रिव्हॉल्वर २०१४ साली बाजारात आलं, वजन अर्धा किलो. अर्ध्या किलोची वस्तू हातात स्थिर धरून तिच्यावर पाच किलोंचा जोर लावायचा, हे दुखऱ्या मनगटाला जमत नाही, नळी खाली जाते. त्याच घराण्यातलं जुनं मॉडेल किंवा २०२३ चं ‘प्रबल’ सातशे ग्रॅमच्या घरात आहे. दोनशे ग्रॅमचा फरक कमरेला जाणवेल, पण हाताला तो आधार आहे. हलकं ते चांगलं, असं दुकानात सगळेच सांगतात. तुमच्यासाठी ते खोटं आहे.

सराव करताना एक गोष्ट जरूर करा. रेंजवर सोबत्याला सहापैकी दोन घरांत रिकाम्या पुंगळ्या भरायला सांगा, कोणत्या ते तुम्हाला कळू देऊ नका. मग शांतपणे एकेक बार काढा. पुंगळी समोर आली की नुसता ‘टक्’ असा आवाज येईल, आणि त्या क्षणी नळीचं टोक खाली डुचकलेलं तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. झटका आलाच नाही, हातानेच आधी भिऊन मान टाकली. बार उडतो तेव्हा हे धुरात आणि आवाजात लपून जातं. हे डुचकणं जाईपर्यंत बोअरची चर्चा व्यर्थ आहे. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं मिळतील ते लिहिलेलं असतं. तो कोटा सरावात संपवा, साठवून ठेवू नका.

साठवल्यावर काय होतं ते मी पाहिलंय. एका गृहस्थांनी निवडणुकीआधी शस्त्र जमा करायला आणलं. दहा वर्षं चामड्याच्या म्यानात, कपाटात. चामडं पावसाळ्याची ओल धरून ठेवतं. सिलिंडर फिरेना. रॉकेल सोडून, लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकून तो सोडवला, तर आतल्या सहाही काडतुसांवर हिरवा थर. ते गृहस्थ दहा वर्षं त्या शस्त्राच्या भरवशावर रात्री झोपत होते. म्यान बाहेर नेण्यापुरतं वापरा. घरी कोरड्या सुती फडक्यात, तेलाचं बोट फिरवून ठेवा, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून बघा.

नातवाचं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंत. मी ते पत्रात सगळ्यात वर धरलं. घोडा मागे ओढलेला असेल तर चापाला दीड-दोन किलोंचा जोर पुरतो, आणि चार वर्षांचं पोर दोन्ही अंगठे लावून तेवढा जोर लावू शकतं. रिव्हॉल्वर एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या तुमच्या अंगावर. उशीखाली नाही, गल्ल्यातही नाही. परवाना तुमच्या नावावर आहे, तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात ‘जरा बघायला’ म्हणूनही देऊ नका.

दुकानात गेलात की सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी आहेत ना ते स्वतः बोट घालून पाहा. मग दुकानदाराची परवानगी घेऊन, नळी भिंतीकडे धरून, घोडा न ओढता नुसता चाप वीस वेळा दाबा. दहाव्या-बाराव्या वेळेला मनगट ठणकलं तर ते शस्त्र खाली ठेवा आणि जड मॉडेल मागा. तरीही ठणकलं तर त्या दिवशी काहीच घेऊ नका. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ते काय म्हणाले, ते मला या पत्त्यावर जरूर कळवा.