नॉमिनी लावला आहे, मग मृत्युपत्र कशाला?

'सोसायटीत नॉमिनी लावलेला आहे, मुले भांडणारी नाहीत, मग मृत्युपत्र करून आणि वकिलाला मध्ये घालून त्यांच्या मनात शंका कशाला निर्माण करायची?' ज्येष्ठ नागरिकांसाठी मुंबईत समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. तो विचारणारी माणसे बहुधा अतिशय जबाबदार असतात आणि आपल्या मुलांवरील विश्वास ती खऱ्या मनाने बोलून दाखवतात. त्यांना उत्तर देण्यासाठी मी एका कुटुंबाचा अनुभव सांगते. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गिरगावातील पागडीच्या, म्हणजे जुन्या भाडेपद्धतीच्या, दोन खोल्यांत हे दांपत्य राहते. काकांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे आणि ते महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले आहेत. प्रथम काकू एकट्या आल्या, आणि त्यांची तक्रार झोप लागत नाही एवढीच होती. बोलता बोलता खरी चिंता पुढे आली. थोरला मुलगा बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये राहतो. तो फ्लॅट काकांच्या एकट्याच्या कमाईतून घेतलेला आणि त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, आणि सोसायटीच्या नोंदीत नॉमिनी म्हणून थोरल्याचे नाव आहे. धाकटा मुलगा पुण्याला असतो. मुलगी घटस्फोटानंतर आईवडिलांकडे आली आणि आज दोघांचे औषधपाणी तीच पाहते. 'मॅडम, आम्ही दोघे गेल्यावर धाकटा म्हणाला की या खोल्या माझ्या, तर हिने जायचे कुठे? यांच्याजवळ विषय काढला की म्हणतात, माझ्या मरणाची वाट बघतेस का.'

पुढच्या वेळी काका सोबत आले. त्यांच्या मनात वाटणी पक्की होती: फ्लॅट थोरल्याचा, कारण तो नॉमिनी आहे, गिरगावच्या खोल्या केव्हातरी धाकट्याच्या नावे लिहून द्यायच्या, ठेवी आणि दागिने मुलीला. शिवाय 'माझ्यामागे आधी सगळे हिचेच आहे' असेही ते काकूंबद्दल ठामपणे म्हणत होते. या चार गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले नव्हते, कारण त्या त्यांनी एका बैठकीत कधी कोणापुढे बोलूनच दाखवल्या नव्हत्या. 'कोणाला काय द्यायचे' हा प्रश्न मी मुद्दाम बाजूला ठेवला आणि दोघांना विचारले की तुमच्यापैकी एकजण मागे राहिला, तर त्याचे दिवस कसे जावेत असे तुम्हाला वाटते. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'हिला कोणाकडे हात पसरावा लागू नये.' मृत्युपत्राचे काम खऱ्या अर्थाने त्या वाक्यापासून सुरू झाले. वकिलाकडे जाण्याआधीचा हा भाग घरातच व्हावा लागतो आणि तो झाला नसेल तर वकिलाच्या कार्यालयात नवराबायको एकमेकांकडे पाहत बसतात, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

वकील शोधण्याची वेळ आली तेव्हा दुसरी भीती पुढे आली. मिळकतीच्या किमतीचा काही हिस्सा वकील घेतो, असे काकांना एका नातेवाइकाने सांगितले होते. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणे, याला भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. मृत्युपत्राचा मसुदा करणे हे तर ठरावीक कामाचे ठरावीक मोल आहे. मी त्यांना एवढेच सुचवले की मृत्युपत्रे आणि वारसाहक्काची कामे नेहमी करणारा वकील पाहा, मसुदा आणि नोंदणी यांची फी आधी लेखी घ्या, आणि तो तुमच्याशी मुलांच्या गैरहजेरीत बोलतो की नाही हे पाहा. शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वडिलांना आधार म्हणून सोबत बसण्याची थोरल्याची इच्छा होती आणि त्यात वाईट हेतू नव्हता. परंतु ज्याला लाभ मिळणार आहे त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल, तर न्यायालये ती संशयास्पद बाब मानतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली दिलेल्या निकालापासून हे सूत्र स्थिर आहे. ज्या महिलांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी येथेच सांगते की विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मागता येते.

पहिल्याच भेटीत वकीलबाईंनी काकांची वाटणी जवळजवळ उलटी केली. नॉमिनी म्हणजे मालक, हा समज मुंबईच्या सोसायट्यांत घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील २०१९च्या दुरुस्तीनुसार नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, आणि खरे हक्कदार मृत्युपत्र किंवा वारसाहक्क यांवरून ठरतात. कंपन्यांच्या शेअरबाबतही नॉमिनी हा मालक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले आहे. म्हणजे मृत्युपत्र न करता काका गेले असते, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पत्नी आणि तीन मुले असे चौघांचे समान हिस्से झाले असते. 'आधी सगळे हिचेच' हेही खरे नव्हते आणि फ्लॅट थोरल्याचा हेही नव्हते. आयुष्यभर सोबत राहिलेल्या काकूंच्या वाट्याला फ्लॅटचा चौथा हिस्सा आला असता, हे ऐकून काका अस्वस्थ झाले.

गिरगावच्या खोल्यांबाबत तर त्यांना धक्काच बसला. पागडीच्या जागेचा भाडेहक्क मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली ठरवले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो जातो, आणि तसे कोणीच नसेल तर वारसांचा प्रश्न येतो. पुण्यात राहणाऱ्या मुलाच्या नावे खोल्या लिहून ठेवल्या असत्या तर तो मजकूर निरर्थक ठरला असता. ज्या मुलीला काढून लावतील या भीतीने काकूंची झोप उडाली होती, तिचे तेथे राहणेच तिच्या बाजूने उभे राहणार होते. वकीलबाईंनी तिच्या नावाची शिधापत्रिका, आधार आणि मतदार यादी यांवर गिरगावचाच पत्ता असल्याची खात्री करून घ्यायला सांगितले, आणि इमारतीचा पुनर्विकास होऊन मालकीची जागा मिळाली तर मृत्युपत्र पुन्हा पाहावे लागेल, हेही बजावले.

इंटरनेटवरून उतरवलेला नमुना काकांच्या खिशात होता. त्यात 'फ्लॅट पत्नीस व तिच्या पश्चात मुलांस' असे वाक्य होते, आणि घरोघरच्या मृत्युपत्रांत हेच वाक्य आढळते. त्याचा अर्थ पत्नी पूर्ण मालक आहे असा घ्यायचा, की हयातीपुरते राहण्याचा हक्क तिला आहे एवढाच, यावर वर्षानुवर्षे खटले चालतात. काकूंना अडचणीच्या काळी फ्लॅट विकता यावा की नाही, हे आधी ठरवा, मग मी शब्द लिहीन, असे वकीलबाई म्हणाल्या. काकू आधी गेल्या तर काय, हा प्रश्नही त्यांनीच विचारला. घरात तो कोणालाच सुचला नव्हता. वकिलाची गरज कायद्याने सक्तीची नाही, साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेले मृत्युपत्रही चालते, परंतु असे प्रश्न विचारणारा माणूस समोर असण्यासाठी फी द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे.

अखेर फ्लॅट पूर्ण मालकीने काकूंना, त्या आधी गेल्यास तिन्ही मुलांना समान, आणि ठेवींचा मोठा भाग मुलीला, असे ठरले. उरलेल्या गोष्टी लवकर आटोपल्या. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. काकांनी ती दुय्यम निबंधकांकडे करून घेतली, कारण वय पाहता तो पुरावा पुढे उपयोगी पडेल असे वाटले. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र आवश्यक असतात, आणि ते लाभार्थी नसलेले व मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान असावेत. काकांच्या डॉक्टरांनी त्याच दिवशीचा मानसिक स्वास्थ्याचा दाखला दिला. मुंबईत प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, जी सक्ती होती ते कलम संसदेने २०२५च्या अखेरीस वगळले आहे, तरी कोणी हरकत घेतली तर मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करावेच लागते, म्हणून या तयारीत कसूर करू नये.

मुलांना सांगावे का, हा प्रश्न राहतो. मजकूर वाचून दाखवण्याचे बंधन कोणावर नाही, आणि मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. तरीही मृत्युपत्र केले आहे, मूळ प्रत कोठे आहे आणि असे का ठरवले, एवढे आईवडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे असा माझा आग्रह असतो. काकांनी तिन्ही मुलांना एकत्र बसवून सांगितले. थोरला दुखावला. 'बाबा, मी इतकी वर्षे तिथला मेंटेनन्स भरतो आहे,' असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. काकांनी ते ऐकून घेतले, निर्णय मात्र बदलला नाही. नंतर तो माझ्याकडे दोनदा स्वतंत्रपणे येऊन गेला. त्याचा राग आता वडिलांच्या देखत बोलला जातो, त्यांच्यानंतर बहिणीवर निघण्यापेक्षा हे मला फार बरे वाटते. भरलेल्या मेंटेनन्सचा हिशेब आईच्या मृत्युपत्रात विचारात घ्यावा, अशी त्याची मागणी आहे. काकूंनी स्वतःच्या मृत्युपत्रासाठी त्याच वकीलबाईंची वेळ घेतली आहे, आणि त्या भेटीला त्या एकट्याच जाणार आहेत.