वर्डमधील ₹ आणि ✓ दुसऱ्या संगणकावर चौकोन का होतात?

घरी वर्डमध्ये केलेल्या दरपत्रकातील ₹ च्या जागी छपाईच्या दुकानात चौकोन आले, ✓ बदलले आणि एका पानाचा मजकूर दुसऱ्या पानावर गेला, तो कशामुळे, असे आपण विचारले आहे. नाशिकला रविवार कारंजाजवळ मी डीटीपीचे काम करतो आणि अशी फाइल घेऊन दर आठवड्याला कोणी ना कोणी येतेच.

फाइलमध्ये चिन्हाची आकृती नसते, फक्त त्याचा युनिकोड (जगभरातील अक्षरांना व चिन्हांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) क्रमांक आणि फॉन्टचे नाव असते. आकृती काढली जाते ती फाइल जेथे उघडली त्या संगणकावरील फॉन्टमधून. तेथे तो फॉन्ट नसेल, किंवा असूनही त्यात ते चिन्ह नसेल, तर वर्ड न विचारता दुसरा फॉन्ट लावतो आणि कोठेच आकृती सापडली नाही, तर रिकामा चौकोन दाखवतो. ₹ हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत आले, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते सापडणार नाही. चौकोन खोडू नका, क्रमांक शाबूत असतो. तो निवडून निर्मला यूआय फॉन्ट द्या, ₹ परत दिसेल.

✓ अधिक फसवे आहे. विंगडिंग्ज या अक्षरांऐवजी चिन्हे असलेल्या फॉन्टमध्ये ही खूण २५२ क्रमांकावर बसवली आहे, जेथे एरवी डोक्यावर दोन टिंबे असलेला रोमन यू असतो. एका द्राक्षबागायतदाराच्या फवारणीच्या तक्त्याचा मजकूर मी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घेतला, तेव्हा प्रत्येक खुणेच्या जागी तो यू उभा राहिला आणि प्रूफ हाती येईपर्यंत (चूक माझीच) माझ्या लक्षात आले नाही. विंगडिंग्ज टाळून युनिकोडचेच ✓ सेगो यूआय सिम्बॉल या फॉन्टमध्ये घ्यावे.

पान वाढते, कारण बदली फॉन्टची अक्षरे रुंद असतात किंवा त्याची ओळ उंच असते. गंमत म्हणजे फॉन्टच्या रकान्यात नाव मूळचेच दिसत राहते. खरा प्रकार फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमधील फॉन्ट सब्स्टिट्यूशन या बटणाखाली कळतो. केवळ छापायचे असेल तर पीडीएफच पाठवा. दुकानात दुरुस्त्या व्हायच्या असतील, तर ऑप्शन्समध्ये सेव्हखालील एम्बेड फॉन्ट्सवर टिक करा, मात्र फॉन्टचा परवाना तशी मुभा देत नसेल तर तो फॉन्ट फाइलसोबत जात नाही.