वाकडे स्कॅन सरळ करताना शिरोरेषा धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माळ्यावरच्या ट्रंकेत १४० कागद सापडले. त्यांत खरेदीखतं, साऱ्याच्या पावत्या, दोन-तीन हातनकाशे आणि दहाएक मोडी कागद. अर्धे भावाने दुकानातून फीडरच्या, म्हणजे पानं स्वतः आत ओढून घेणाऱ्या, मशीनवर स्कॅन करून आणले, बाकीच्यांचे फोनवर फोटो काढले, आणि सगळेच तिरके आले. गिम्पमध्ये (फोटो दुरुस्त करायचं फुकट सॉफ्टवेअर) थोडं इकडे, थोडं तिकडे असं तीन-चार वेळा फिरवलंत, तर अक्षरं धुरकट झाली आणि कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण उरले.

मी सिंधुदुर्गात तहसील कचेरीसमोर झेरॉक्स-डीटीपीचं दुकान चालवतो, त्याला वीसेक वर्षं झाली. असल्या ट्रंका दर उन्हाळ्यात येतात. चाकरमानी मे महिन्यात गावी आले की जमिनीची आठवण होते, आणि मग कागद पिशवीत घालून सगळे माझ्याकडे. तेव्हा चुका करून शिकलेलं सांगतो.

आधी धुरकटपणाचं. स्कॅन म्हणजे बारीक चौकोनांची, म्हणजे पिक्सेलची, जाळी. ती ९० अंशात फिरवली तर चौकोन नुसते जागा बदलतात, बिघडत काही नाही. पण पाऊण अंश, दीड अंश असं फिरवलं की जुने चौकोन नव्या जाळीवर नेमके बसत नाहीत. मग सॉफ्टवेअर शेजारच्या काही चौकोनांचा रंग मिसळून नवा रंग काढतं. एकदा मिसळलं तर डोळ्याला कळतही नाही, पण तुम्ही मिसळलेल्यातच पुन्हा मिसळलंत, वर प्रत्येक वेळी जेपीजीत सेव्ह केलंत. जेपीजी दर सेव्हला थोडं थोडं खातं आणि अक्षराच्या कडेला मुंग्या लागल्यासारखे ठिपके सोडतं. त्या फिरवलेल्या फायली सरळ डिलीट करा. भावाकडच्या मूळ स्कॅनपासून पुन्हा सुरुवात करा आणि प्रत्येक पान एकदाच फिरवा. कोन चुकला तर उलट फिरवू नका, कंट्रोल-झेड करून मागे जा आणि नव्या कोनाने पहिल्यापासून फिरवा. काम चालू असेपर्यंत पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा, ते जेपीजीसारखं दर सेव्हला खात नाहीत.

एकदाच फिरवायचं तर कोन आधी मोजायला हवा, आणि इथेच बहुतेकांची गाडी घसरते. लोक कागदाची कड बघतात. जुन्या कागदाची कड कशावरून सरळ? कुठे वाळवीने खाल्लेली, कुठे फायलीत बसावा म्हणून कुणी कात्रीने कापलेली. कड स्क्रीनच्या चौकटीला समांतर केलीत तर मजकूर तसाच चढणीला लागलेला राहतो. आपल्याला वाचायचा मजकूर आहे, तेव्हा मोजायची शिरोरेषा. रोमन लिपीवाल्यांना ओळीचा तळ अंदाजाने धरावा लागतो, आपल्याकडे लिहिणाऱ्याने रेघ मारूनच ठेवली आहे.

गिम्पमध्ये शिफ्ट-एम दाबलं की मेझर टूल येतं. पानाच्या मधोमध एखादी लांब ओळ निवडा. पहिल्या शब्दाच्या शिरोरेषेवर क्लिक करून तसंच दाबून शेवटच्या शब्दाच्या शिरोरेषेवर सोडा. खालच्या पट्टीत कोन दिसतो. २.१०.४ पासून पुढच्या आवृत्त्यांत याच टूलच्या पर्यायांत ‘स्ट्रेटन’ नावाचं बटण आहे, ते दाबलं की काम झालं. ओळ जितकी लांब तितका कोन खरा. ए-फोर पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, २४८० पिक्सेल रुंद असतं. एका अंशाचा तिरकेपणा असेल तर डावीकडून उजवीकडे ओळ ४३ पिक्सेल वर-खाली होते. म्हणजे पूर्ण रुंदीवर मोजताना टोकाला चार पिक्सेल हात हलला तरी चूक अंशाच्या दहाव्या भागाएवढीच. हेच एका तीन अक्षरी शब्दावर मोजलंत तर चूक दहापट.

फोटोशॉप असेल तर रूलर टूलने तीच रेघ ओढा आणि वरच्या पट्टीतलं ‘स्ट्रेटन लेयर’ दाबा. इरफानव्ह्यूमध्ये कंट्रोल-यू दाबून कोनाचा आकडा हाताने टाकता येतो. किरकोळ पावत्यांसाठी मी अजून तेच वापरतो, जुन्या कॉम्प्युटरवरही ते पटकन उघडतं.

गिम्पमध्ये ‘स्ट्रेटन’ दाबण्याआधी मेझर टूलच्या त्याच पर्यायांत दोन गोष्टी बघून घ्या. ‘इंटरपोलेशन’ म्हणजे रंग कसे मिसळायचे ते. ‘नन’ ठेवलंत तर शिरोरेषेच्या पायऱ्या होतात. अर्ध्या अंशाला साधारण दर ११५ पिक्सेलवर एक पायरी, आणि झूम केलं की घाटी उतरल्यासारखी दिसते. ‘क्यूबिक’ किंवा ‘लोहेलो’ ठेवा. स्कॅन काळा-पांढरा असेल, म्हणजे करड्या छटा नसलेला, तर मिसळायला मधले रंगच नसतात आणि पायऱ्या हमखास येतात. म्हणून दुकानवाल्याला ग्रे किंवा रंगीत स्कॅन मागा. काळा-पांढरा करायचाच असेल तर फिरवून झाल्यावर. ए-फोर पान ग्रेमध्ये दाबून न ठेवता साधारण पावणेनऊ एमबी होतं, १४० पानं सव्वा जीबीत बसतात. कंजूषपणा करण्याएवढं हे काही नाही.

दुसरी गोष्ट ‘क्लिपिंग’. त्रिकोण नकोत म्हणून पुष्कळ जण ‘क्रॉप टू रिझल्ट’ करतात आणि कडा कापल्या जातात. खरेदीखताच्या समासात काय असतं? साक्षीदारांच्या सह्या आणि निशाणी अंगठे. तेच गेले तर मग उरलं काय! ‘अॅडजस्ट’ ठेवा, मग इमेज मेनूतून कॅनव्हास लेयरएवढा करा, आणि खाली कागदाच्याच रंगाचा एक लेयर, म्हणजे थर, घाला. रंग ड्रॉपरने कागदावरूनच उचला. पांढराशुभ्र कोपरा पिवळ्या कागदावर ठिगळासारखा दिसतो.

स्टॅम्प पेपरवर एक गंमत असते. छापील चौकट एका कोनात आणि टाईप केलेला मजकूर दुसऱ्याच. टायपिस्टने कागद मशीनमध्ये तिरका घातलेला असतो. दोन्ही एकदम सरळ होणार नाहीत. मजकूर सरळ करा, चौकट राहू दे वाकडी.

आता फोनचे फोटो. तिथे फिरवण्याने भागत नाही, कारण कागद तिरका नसतो, फोन कललेला असतो. वरची बाजू अरुंद, खालची रुंद, असा समलंब चौकोन होतो. त्यासाठी गिम्पचं पर्स्पेक्टिव्ह टूल, शिफ्ट-पी. त्यात दिशा ‘करेक्टिव्ह’ करा, मग जाळीचे चार कोपरे मजकुराच्या चार कोपऱ्यांवर नेऊन ठेवायचे. इथेही कड नको. पहिल्या ओळीची दोन टोकं आणि शेवटच्या भरलेल्या ओळीची दोन टोकं धरा. मग एक करा जे कुणी करत नाही: मूळ कागदावर तेवढाच भाग फूटपट्टीने मोजा आणि लांबी-रुंदीचं प्रमाण ‘स्केल इमेज’मधून जुळवा, नाहीतर अक्षरं एकतर बसकी होतात नाहीतर शेवग्याच्या शेंगेसारखी लांब. फोनमधली स्कॅनची अॅप्स हेच चार कोपरे आपोआप शोधतात, पण काळपट फरशीवर कागद ठेवलात तरच. शेणाने सारवलेल्या खळ्यात ठेवलेल्या पिवळट कागदाची कड त्यांना दिसत नाही.

हातनकाशांना मात्र पर्स्पेक्टिव्ह लावू नका. हे मी स्वतः फसून शिकलो. एका गिऱ्हाईकाने बागेच्या नकाशाचा फोनवरचा फोटो आणला होता, मी कोपरे ओढून छान काटकोनात बसवला. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. मग त्या प्रिंटवरून कुणी गडग्याचं, म्हणजे दगडी कुंपणाचं, अंतर मोजलं तर उत्तर-दक्षिण बरोबर आणि पूर्व-पश्चिम पाच-सात हातांनी कमी. ओढताना नकाशा एका बाजूने दाबला गेला होता. तेव्हापासून नकाशा फक्त सपाट काचेच्या स्कॅनरवर घेतो, शेजारी एक प्लॅस्टिकची पट्टी आडवी आणि एक उभी ठेवून. फिरवून झालं की दोन्ही पट्ट्यांवरचे दहा सेंटिमीटर किती पिक्सेल भरतात ते बघायचं. आकडा सारखा असेल तर नकाशा ठीक.

फीडरवरून आलेल्या पानांत काहींना वर तिरकेपणा जास्त आणि खाली कमी असेल. कागद रोलरमध्ये घसरत गेलेला असतो. ते कुठल्याच एका कोनाने सुटत नाही, पुन्हा स्कॅन करा. मुळात घडीवर विरलेला कागद फीडरमध्ये घालायचाच नसतो. तुमचा एकही फाटला नाही हे नशीब समजा. पातळ कागदाच्या मागची शाई पुढे दिसत असेल तर काचेवर ठेवताना त्याच्या पाठीवर काळा कार्डशीट ठेवा.

१४० पानं एकेक करण्यापेक्षा स्कॅन टेलर घ्या, फुकट आहे. पानं टिफ किंवा पीएनजीत द्या, तो स्वतः कोन शोधतो. कसा शोधतो ते कलमांच्या बागेत उभं राहिलात तर कळेल. दहा-दहा मीटरवर ओळीत लावलेली झाडं नुसती बघितली तर गर्दी वाटते, पण चालता चालता एका ठिकाणी अचानक आरपार गल्ल्या दिसतात. सॉफ्टवेअर पान बारीक बारीक कोनांनी फिरवून बघतं आणि ज्या कोनाला ओळींमधल्या गल्ल्या सगळ्यात मोकळ्या दिसतात तो धरतं. शिरोरेषेमुळे छापील मराठीला हे झकास जमतं. गोल शिक्के, तिरप्या सह्या, चार ओळींची पावती आली की गोंधळतं. म्हणून डेस्क्यूच्या, म्हणजे तिरकेपणा काढायच्या, टप्प्यावर सगळी पानं एकदा डोळ्याखालून घाला. चुकलेल्याची रेघ माऊसने ओढून बसवता येते. मूळ फायलींना तो हात लावत नाही, नवी पानं वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो. रजिस्टरच्या शिवणीजवळ वळलेल्या ओळींसाठी त्याच्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीत डीवॉर्पिंग आहे, पण फोटोफ्रेमची जुनी काच पानावर दाबून स्कॅन करणं जास्त सोपं.

कुणीतरी तुम्हाला इमेजमॅजिक सुचवेल, म्हणजे आज्ञा टाईप करून चालवायचं सॉफ्टवेअर. त्यात डेस्क्यूला ४० टक्के दिलं की तेही चांगलं काम करतं. मात्र त्यातली ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा मूळ फाईलवरच लिहिते. एका देवस्थानची साठ पानं मी अशी घालवली आहेत. अर्धी उलट्या कोनात फिरली, मूळ काही उरलं नाही, आणि भर आषाढात ती वही मागायला पुन्हा जावं लागलं. ‘कन्व्हर्ट’ (नव्या आवृत्तीत ‘मॅजिक’) वापरा, आणि आधी फोल्डरची कॉपी करा.

मोडी कागद शेवटी ठेवले, कारण ते हातानेच करावे लागतात आणि करायला मजा येते. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचा. म्हणजे शब्दागणिक तुटणारी शिरोरेषा नाही, या समासापासून त्या समासापर्यंत सलग रेघ. मोजायला याहून चांगलं काय हवं? फक्त ती हाताने ओढलेली असते. वरची, मधली आणि खालची अशा तीन रेघा मोजा. कोन एकच आला तर स्कॅन तिरका. वर ०.८, मध्ये ०.५, खाली ०.२ असं काही आलं आणि पान फीडरवरचं नसेल तर तो लिहिणाऱ्याचा हात आहे. अशा वेळी मधला कोन घ्या आणि सोडून द्या. प्रत्येक ओळ वेगळी कापून सरळ करणारे उत्साही लोक मी बघितलेत. त्यात दोन ओळींच्या मध्ये लोंबणारी वेलांटी-उकार तुटतात आणि मोडी वाचणारा माणूस वैतागतो. मोडीत आधीच ऱ्हस्व-दीर्घाची बोंब, त्यात तुम्ही भर घालू नका.

नाव देताना फाईलमध्ये साल, गाव आणि कागदाचा प्रकार घाला. खरेदीखतावर जिल्हा रत्नागिरी लिहिलं असेल आणि गाव मालवण-कुडाळकडचं असेल तर चूक समजून बदलू नका, १ मे १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग जिल्हा नव्हताच. आणि सरळ केलेली प्रत ही आपल्याला वाचायला. कचेरीत द्यायला मूळ कागद किंवा रीतसर नक्कल. डाग पुसणं, शिक्का गडद करणं असलं काही चुकूनही करू नका, सरळ केलेल्या कागदावर शंका घ्यायला समोरच्याला तेवढं पुरतं.

ज्यांचे फोनवर फोटो काढलेत ते कागद पुन्हा स्कॅन करायचेच आहेत, पण आत्ता पावसात नको. दमट कागद पापडासारखा फुगलेला असतो, काचेवर सपाट बसत नाही आणि ओळी लाटांसारख्या येतात, त्याला कुठलंच टूल लागू पडत नाही. टीपकागदात घालून जाड पुस्तकांखाली ठेवा, दसरा झाला की काढा. तोपर्यंत फीडरवाल्या पानांवर हात बसवा. मोडीपैकी एखादा अडला तर त्याचा न फिरवलेला स्कॅन इथे टाका, कोन मी मोजून देतो.