क्लोज्ड सेंटरसाठी सहा लाखांचं कर्ज घ्यावं का?

प्रश्न: माझा ४५ एचपीचा ट्रॅक्टर कर्जातून मोकळा झालाय. हल्ली लिफ्ट हळू उचलते. पलटी नांगर आहे, आता लोडरही लावायचाय. डीलर म्हणतो, ‘तुमच्या ओपन सेंटर हायड्रॉलिकमध्ये तेल सतत फिरतं, डिझेल फुकट जातं, हा देऊन क्लोज्ड सेंटरवाला मोठा घ्या.’ वरच्या ६ लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी मिळतंय. घेऊ का?

उत्तर: या कारणासाठी घेऊ नका.

तेल सतत फिरतं, हे खरं आहे. गिअर पंप इंजिनबरोबर चालतो आणि लिव्हर मधोमध असताना तेल व्हॉल्वमधून सरळ टाकीत परततं. पण तेव्हा दाब फारच कमी असतो. मिनिटाला ४० लिटर तेल १० बार दाबाने फिरत असेल, तर जेमतेम एक एचपी खर्ची पडते. तेच तेल १८० बारने रिलीफ व्हॉल्ववरून (दाब मर्यादेपलीकडे गेला की उघडतो तो व्हॉल्व) जाऊ लागलं की १६ एचपी! सिलिंडर टोकाला पोहोचल्यावरही लिव्हर ओढून धरला की हे होतं. डिझेल तिथे जळतं, आणि ती सवय मोडायला कर्ज लागत नाही.

क्लोज्ड सेंटर चांगलंच आहे. जॉन डिअरने १९६० मध्ये ४०१० मॉडेलवर ते दिलं होतं. व्हॉल्व मध्यावर बंद, पिस्टन पंप दाब धरून थांबतो आणि मागाल तेवढंच तेल देतो. स्टिअरिंग, लोडर, मागचं अवजार एकदम चालवायचं असेल तर त्याला तोड नाही. पण पंप महाग, आणि घाण तेल त्याला सोसत नाही. तुमचा नांगर आणि लोडर तर एका वेळी चालणारच नाहीत.

आता हप्ता पाहा: महिन्याला सुमारे १३,३५०, म्हणजे वर्षाला १ लाख ६० हजार. पाच वर्षांत व्याजच २ लाख.

त्याआधी तेलाची पातळी आणि फिल्टर बघा, मेकॅनिककडून गेज लावून दाब तपासा. तेल तापल्यावर लिफ्ट आणखी मंदावत असेल, तर पंप झिजला असण्याची शक्यता मोठी. लोडरचा व्हॉल्व मात्र ओपन सेंटरचाच घ्या. क्लोज्डचा स्वस्तात मिळाला म्हणून बसवलात, तर तेलाला परतीची वाटच उरणार नाही आणि रिलीफ व्हॉल्व दिवसभर उघडा राहून तेल तापेल.

डिझेल, ड्रायव्हर वजा जाता भाड्याच्या कामातून वर्षाला १ लाख ६० हजार जास्तीचे सुटतील एवढी कामं आजच हातात असतील, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा सहामाही हप्त्याचा हिशेब मांडू.