आधी त्यांना वाचून दाखव

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. ऊसतोड मजुरांच्या कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, बसलेल्या त्या बाईने ‘हे लिहून आमचं काय होणार?’ असे विचारले, तुला उत्तर सुचले नाही, आणि तेव्हापासून प्रबंध पुरा करावा की तो सोडून मजूर संघटनेच्या कामाला लागावे, या पेचात तू आहेस. मला हा पेचच खोटा वाटतो. मार्गदर्शकांनी तुला तटस्थतेवर ऐकवले असेल आणि मित्रांनी बांधिलकीवर. पण तू जे लिहिलेस ते त्या बाईला वाचून दाखवलेस का, एवढे मात्र कुणीच विचारलेले दिसत नाही.

नव्वदच्या दशकात मी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांचे सर्वेक्षण केले. प्रश्नावलीत कुटुंबप्रमुखापुढे ‘ऊसतोड मजूर’ आणि पत्नीपुढे ‘घरकाम’ अशी नोंद मी स्वतःच्या हाताने शेकडो वेळा केली. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे मला माहीत होते. तरीही पहाटे उसाच्या फडात उतरणारी, मोळ्या बांधून त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी आणि रात्री-अपरात्री गाडी भरायला पुन्हा उठणारी बाई माझ्या सारणीत बिनकामाची ठरली. प्रश्न नवऱ्याला विचारले होते. त्याने सांगितले ते मी टिपले. अहवाल इंग्रजीत छापला गेला, त्यावर मला बढतीही मिळाली. त्या नोंदी एखाद्या ओसरीवर बसून वाचून दाखवल्या असत्या, तर पहिल्याच बाईने मला अडवले असते.

2019 मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला आणि सरकारने समिती नेमली, तेव्हा मी तो अहवाल पुन्हा उघडला. खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून पाळीतही, बाळंतपण तोंडावर आले असतानाही फडात जावे लागते, यातले अक्षरही त्यात नव्हते. कसे असणार? घरकाम करणाऱ्या बाईला खाडा नसतोच.

वाचून दाखवल्याने न्याय मिळतो का, असे तू विचारशील. मिळत नाही, पण न्याय मागताना जो आकडा पुढे करायचा, तो दुरुस्त होतो. रोजगार हमीवरच्या मजुरीसाठी सरकारी समितीने दिवसाला 4 रुपये सुचवले होते. डॉ. अभय बंग यांनी त्या शिफारशीमागचे गणितच उलगडले, मजुराच्या अंगमेहनतीला लागणारे उष्मांक आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे नीट धरली, आणि मजुरी 12 रुपये हवी हे दाखवून दिले. घोषणेला सरकार उत्तर देत नाही, गणिताला मात्र द्यावे लागते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात तर गावकरी आणि बाहेरून आलेले अभ्यासक एकाच अभ्यासगटात बसत; 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तो या बैठकांची सवय असलेल्या गावाला मिळाला, हे विसरू नकोस.

म्हणून पुन्हा सांगते, आधी त्यांना वाचून दाखव. परीक्षकांच्या आधी, परिसंवादाच्या आधी, संघटनेच्या पत्रकाच्याही आधी. वेळ नाही हे कारण मला सांगू नकोस. माहिती गोळा करायला तुझ्याकडे चौदा महिने होते. आणि वाचून दाखवणे म्हणजे त्या म्हणतील तसे लिहिणे नव्हे. एखादीने उचलीचा आकडा फुगवून सांगितला असेल, तर तसे तोंडावर म्हणायचीही तयारी हवी. तेवढा मान तरी त्यांना दे.

मी स्वतः विद्यापीठ सोडून चळवळीत गेले नाही. त्याला सोयीचा मार्ग म्हणणारे पुष्कळ भेटले, आणि घरात दोन पगारांची गरज होती हेही खरे. पण माझी चूक विद्यापीठात राहण्यात नव्हती, या मतावर मी आजही ठाम आहे. फडातच राहिले असते, तरी प्रश्न नवऱ्यालाच विचारले असते.

मार्च-एप्रिलपर्यंत ऊसतोडीच्या टोळ्या गावी परततील. तोवर तुझ्या सारण्या सोप्या मराठीत उतरवून ठेव. जाण्याचा दिवस ठरला की मला कळव. गुडघे साथ देत नाहीत, पण एसटीने येईन. माझा जुना अहवालही सोबत आणते. तुझे वाचून झाल्यावर, त्या ऐकणार असतील तर, तोही वाचू.

तुझी,
बाई