फ्लॅटमधली मांजर ट्रे सोडून सोफ्यामागे शू करते, काय करावं?

हा खोडसाळपणा नाही, रागावू नका. बहुधा तिला तो ट्रे पटलेला नाही, आणि बहुतेक घरांत ट्रे लहान असतो. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत तिची लांबी मोजा. ट्रे त्याच्या दीडपट हवा. तेवढा मिळत नसेल तर कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, एका बाजूची कड 12 सेंमी उंचीवर कापा आणि पॉलिश पेपरने घासा. झाकण नको, आत वास कोंडतो.

वाळू बारीक, बिनवासाची, गोळे धरणारी. थर 5 ते 7 सेंमी. त्याहून पातळ असला की शू तळाला जाऊन चिकट लगदा होतो, खरवडला तरी वास राहतो. गोळे दिवसातून दोनदा काढा. जागा शांत हवी. वॉशिंग मशीनशेजारी नको, जेवणाच्या वाटीजवळ तर नकोच. दोन मांजरी असतील तर तीन ट्रे, वेगवेगळ्या जागी.

सोफ्यामागची जागा फिनाइलने पुसू नका. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवून बाहेर टाकता येत नाहीत आणि पंजे चाटताना ती पोटात जातात. एन्झाइम क्लीनरने (शूतले वासाचे घटक तोडणारं द्रावण) जागा भिजवा, 15 मिनिटं ठेवा, टिपून आपोआप वाळू द्या.

एक मात्र लगेच बघा: बोका सारखा कुंथतोय आणि थेंबही येत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. त्याला त्याच क्षणी डॉक्टरकडे न्या, रात्र असली तरी.