एएचचा आकडा मोठा म्हणून बॅटरी मोठी नसते

४८ व्होल्ट ४० एएच (अँपिअर-तास) आणि ७२ व्होल्ट ३० एएच अशा दोन इलेक्ट्रिक स्कूटर, किंमत सारखीच, मग ४० वाली घ्यावी का, असं विचारलंय. नको. जास्त ऊर्जा दुसरीत आहे.

नुसत्या एएचवरून काहीच ठरत नाही. त्याला व्होल्टने गुणायचं आणि हजाराने भागायचं. पहिली १.९२ किलोवॅट-तास, दुसरी २.१६. किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलावरचं युनिटच.

गुणताना व्होल्टेज नॉमिनल, म्हणजे सेलचं ठरलेलं सरासरी, धरा. ७२ व्होल्टच्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरी पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे २० सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्जला ते ८४ व्होल्ट दाखवतात, रिकामे होताना ६० च्या आसपास येतात. कुणी ८४ ने गुणून २.५२ युनिट सांगितले तर मानू नका. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल ३.२ व्होल्टचा, त्यामुळे '४८ व्होल्ट' लिहिलेल्या पॅकमध्ये १५ सेल असतील किंवा १६. १६ असतील तर खरे ५१.२ व्होल्ट, म्हणजे २.०५ युनिट. पॅकवरचं लेबल स्वतः वाचा.

किलोवॅट ही वेगळी गोष्ट, ती मोटरची ताकद. ३ किलोवॅटची मोटर पूर्ण जोरात ७२ व्होल्टवर साधारण ४२ अँपिअर ओढते, ४८ वर ६२. बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) सतत किती अँपिअर देऊ शकतो हे विकत घेण्याआधी विचाराच. तो कमी पडला तर ऐन घाटात, डबलसीट असताना गाडी बंद पडते. हे फार कमी लोक विचारतात.

रेंजसाठी ९० टक्केच ऊर्जा वापरात धरा. किलोमीटरला ३० वॅट-तास लागले तर दुसरी गाडी ६५ किलोमीटर जाईल, चढावर ४० लागले तर ४८.

चार्जिंगमध्ये १०-१५ टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून २.१६ च्या पॅकला भिंतीतून अडीच युनिट लागतात. १० अँपिअरच्या चार्जरने भागाकार ३ तास येतो, पण शेवटी करंट उतरत जातो, तेव्हा साडेतीन-चार धरा.

गाडी जुनी असेल तर प्लगमध्ये बसणारा एनर्जी मीटर लावा आणि १० टक्क्यांपासून पूर्ण चार्ज करा. मीटरवरचे युनिट गुणिले ०.८७ (चार्जिंगमधली घट), भागिले ०.९ (९० टक्केच भरली म्हणून). ७२ वालीला मीटर १.७ दाखवत असेल तर उत्तर १.६४ येतं, म्हणजे जवळपास पाव बॅटरी संपलेली आहे. किंमत त्या हिशेबाने ठरवा.